ओव्हन रुसला तर...

दिवाळी चार दिवसांवर आली की घरातल्या यंत्रांना आपले महत्त्व कळते की काय, कोण जाणे! वर्षभर निमूटपणे फिरणारा मिक्सर पिठीसाखर करावयाच्या दिवशीच घरघरू लागतो. स्वयंपाकघरातला नळ पाहुणे यावयाच्या सकाळीच ठिबकू लागतो. आणि नानकटाईचे गोळे वळून, त्यांवर वेलदोड्याचा एकेक दाणा चिकटवून ताटली आत सरकवावी, तो ओव्हन आपला थंडगार! बटण फिरवा, पुन्हा फिरवा, पाठीवर एक थाप मारून पाहा. छे, महाराज रुसले ते रुसले. दुरुस्तीवाल्याला फोन करावा तर तो सांगतो, "भाऊबीज झाल्यावर बघू, ताई." तोवर त्या तूपसाखरेच्या गोळ्यांचे करावे काय?

एके काळी हा प्रश्नच नव्हता. मुंबई-पुण्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत ओव्हन नव्हता, तेव्हा मंडळी तूप, मैदा आणि साखर घेऊन जवळच्या बेकरीत जात, आपली पाळी येईपर्यंत बाकड्यावर बसत आणि डबा भरून गरम नानकटाई घेऊन घरी परतत. भट्टी बिघडली तर ती काळजी बेकरीवाल्याची! पुढे अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, त्यामागून काचेच्या दाराचा चौकोनी ओटीजी आला, मायक्रोवेव्ह त्याच्या शेजारी येऊन बसला; आणि भट्टीबरोबर भट्टीची काळजीही घरात आली.

या काळजीवर घरोघरी दोन उपाय ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "जुना झाला, टाका, सेलमध्ये नवा आणू." दुसऱ्या पक्षाला पेचकस हाती आला की स्फुरण चढते आणि दहा मिनिटांत ओव्हनचे आतडे-कोथळे टेबलावर येते. दोन्ही पक्षांत थोडी घाई आहे. ओव्हनच्या पुष्कळशा तक्रारी इतक्या साध्या असतात की त्या घरच्या माणसाने अर्ध्या तासात निकालात काढाव्या. उलट काही तक्रारी अशा असतात की तेथे हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. कोणती तक्रार कोणत्या जातीची, हे ओळखता आले की निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समजावे. ती ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

डब्याच्या पोटात काय असते?

ओटीजी हा दिसतो मोठा मानकरी, पण त्याच्या पोटात फार काही नसते. वर आणि खाली तापणारे दांडे, म्हणजे ज्यांना आपण रॉड किंवा एलिमेंट म्हणतो ते. उष्णता ठरावीक अंशावर राखणारा थर्मोस्टॅट. वरचा दांडा, खालचा की दोन्ही, हे ठरविणारे बटण. वेळ संपली की "ठण्" करून वीज तोडणारा टायमर. आणि या सर्वांना जोडणाऱ्या पाचसात तारा. बस्स!

दांड्याच्या आत निक्रोमच्या तारेचे वेटोळे असते. निकेल आणि क्रोमियम यांच्या या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेत आल्बर्ट मार्श यास १९०६ साली मिळाले आणि विजेच्या शेगड्या, इस्त्र्या, टोस्टर यांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. साधी लोखंडी तार लाल होईपर्यंत तापविली तर ती हवेत जळून, गंजून तुटते. निक्रोमवर मात्र क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच पापुद्रा आतल्या तारेचे रक्षण करतो. हे वेटोळे आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड मोठी गुणाची. उष्णता ती बाहेर जाऊ देते, वीज मात्र अडवून धरते. तिला एकच खोड आहे, ती म्हणजे दमट हवेतले पाणी शोषून घेण्याची. आपल्या पावसाळ्याशी या खोडीचा फार जवळचा संबंध आहे; त्याकडे पुढे येऊच.

हात लावण्यापूर्वी

पहिला नियम: भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली, असे मानू नये. प्लग भिंतीतून ओढून काढावा आणि तो आपल्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवावा. याचे कारण असे की वायरिंग करताना कोणी चुकून बटण उलट्या तारेवर, म्हणजे न्यूट्रलवर, बसविले असेल तर बटण बंद असूनही ओव्हनपर्यंत वीज पोचलेलीच असते. अशी घरे आपल्या शहरांतून अगदीच दुर्मीळ नाहीत.

दुसरा नियम: ओव्हन पुरता निवू द्यावा. तासभर थांबावे. दांडा लाल दिसत नाही म्हणजे तो गार झाला, असे नव्हे.

तिसरा नियम: कोणतीही तार सुटी करण्यापूर्वी मोबाइलवर तिचा फोटो काढावा. कोणती तार कोठून निघाली हे आठवण्यात पूर्वी भले भले कारागीर हैराण होत. आज ही सोय प्रत्येकाच्या खिशात आहे, तिचा उपयोग करावा.

हत्यारे फार लागत नाहीत. एक चांगला पेचकस, एक पक्कड आणि काहीशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर. प्लग काढलेल्या ओव्हनची तपासणी मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर करावयाची असते, तेव्हा भीतीचे कारण नाही. खिशाला अडकवायचा दिव्याचा टेस्टर जवळ असू द्यावा. पण तो पेटला नाही म्हणून तारेत वीज नाहीच, असे गृहीत धरू नये.

आधी भिंतीकडे पाहा

ओव्हन मुळीच चालत नाही, दिवाही लागत नाही. अशा वेळी ओव्हन उघडण्यापूर्वी त्याच भोकांत इस्त्री लावून पाहावी. इस्त्रीही तापली नाही तर ओव्हन निर्दोष आहे. दोष भिंतीत किंवा मीटरजवळच्या एमसीबीत आहे.

आपल्याकडे भिंतीवर दोन मापांची भोके असतात. लहान ६ अँपिअरची आणि मोठी १६ अँपिअरची. या मोठ्या जोडणीला आपण सवयीने "पॉवर प्लग" म्हणतो. आता हिशेब करा. आपली वीज २३० व्होल्टची. ओव्हन १,५०० वॅटचा असेल तर १,५०० ला २३० ने भागावे. उत्तर येते साडेसहा अँपिअर. म्हणजे लहान भोकाची ताकद संपली! पण मोठा प्लग लहान भोकात बसविणारा तो तीनपिनी जोड दुकानात सहज मिळतो आणि आपण तो सहज लावतो. नानकटाईच्या पहिल्या ताटलीला काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या ताटलीला प्लॅस्टिक मऊ होते, वास सुटतो आणि पिन काळी पडते. काळी पडलेली पिन नीट बसत नाही. नीट न बसलेली पिन आणखी तापते. हे दुष्टचक्र कधीकधी आगीपाशी जाऊन थांबते. ओव्हनला मोठे भोकच हवे. एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सर, फ्रिज आणि ओव्हन अशी पंगत बसवू नये.

प्लग बदलणे हे घरच्या माणसाचे काम आहे. नवा १६ अँपिअरचा, आयएसआय चिन्हाचा प्लग आणावा. तपकिरी तार 'एल' अक्षरापाशी, निळी 'एन'पाशी आणि हिरवी-पिवळी 'ई'पाशी, म्हणजे अर्थला. जुन्या ओव्हनमध्ये हेच रंग तांबडा, काळा आणि हिरवा असे असतात. तारेचे सुटे केस पिळून घ्यावे, एकही केस बाहेर राहू देऊ नये, स्क्रू घट्ट आवळावा. अर्थची तार प्लगच्या आत थोडी लांब ठेवावी. वायरला हिसका बसलाच तर इतर दोन आधी सुटाव्या आणि अर्थ शेवटी. याच विचाराने प्लगची अर्थपिनही लांब केलेली असते. ती आत जाताना सर्वांत आधी जोडली जाते आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते. बुडून चाललेल्या जहाजाचा कप्तान जसा शेवटी उतरतो, तसे तिचे व्रत आहे.

वरचा तापतो, खालचा नाही

नानकटाई वरून खरपूस आणि खालून कच्ची निघाली की समजावे, खालच्या दांड्याचा काहीतरी घोटाळा आहे. आधी निवडीचे बटण दोन्हींच्या खुणेवर आहे ना, हे पाहावे. हसू नका, पुष्कळ ओव्हन असे "दुरुस्त" होतात.

ते ठीक असेल तर दांड्याची परीक्षा करावी. प्लग काढलेला आहेच. बाजूचा किंवा मागचा पत्रा स्क्रू काढून उतरवावा, दांड्याच्या एका टोकाची तार सुटी करावी आणि दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावावा. ६०० वॅटचा, २३० व्होल्टचा दांडा असेल तर सुमारे ८८ ओहम दाखवील. ७५० वॅटचा असेल तर सुमारे ७०. याचे गणित सोपे आहे: २३० चा वर्ग ५२,९००, त्याला वॅटने भागावे. आकडा जवळपास आला तर दांडा शाबूत आहे. मीटरने अनंत दाखविले, म्हणजे आतली तार तुटली. पुष्कळ लहान ओव्हनांत दोन दांडे एकामागोमाग एक असे जोडीने बसविलेले असतात. तेथे एक तुटला की दुसराही गार पडतो. अशा जोडीतल्या प्रत्येक दांड्याचा आकडा वरच्या गणिताहून निराळा येईल, तेव्हा दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावे.

तुटलेला दांडा जोडता येत नाही, बदलावा लागतो. जुना दांडा कागदात गुंडाळून दुकानी न्यावा. त्याच लांबीचा, त्याच वॅटचा आणि त्याच व्होल्टचा मागावा. "जरा जास्त वॅटचा घ्या, लवकर तापेल," हा दुकानदाराचा सल्ला ऐकू नये. आतल्या तारा आणि बटणे पहिल्या मापाला बेतलेली असतात.

बसविताना दोन पथ्ये पाळावी. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, तार जोडू नये. नेहमीचे कथिल-शिशाचे डाग १८३ अंशांवर वितळते आणि ओव्हनचे काम तर त्याहून वर चालते! स्क्रूने किंवा दाबून बसविलेल्या पितळी-पोलादी टोपीनेच जोड करावा. दुसरे पथ्य असे की आतली एखादी तार करपली असेल तर तिच्या जागी घरातल्या दिव्याची वायर घालू नये. तिचे पीव्हीसीचे वेष्टन साधारण ७० अंशांपर्यंतचे असते. काचतंतूचे किंवा सिलिकॉनचे वेष्टन असलेली, तेवढ्याच जाडीची तार विद्युत-सामानाच्या दुकानात मिळते, तीच हवी.

आणि आजोबांच्या काळचा ओव्हन माळ्यावरून काढला असेल तर एक सावधगिरी. जुन्या उपकरणांत पांढुरक्या दोऱ्या किंवा पुठ्ठ्यासारखे अॅसबेस्टॉस असू शकते. ते खरवडू नये, झटकू नये. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने दिसतात. असा ओव्हन शोभेला ठेवावा, चुलीला नको.

तापतो, पण भाजत नाही

ही सर्वांत फसवी तक्रार. केक मध्ये बसतो, बिस्किटे एका बाजूने करपतात आणि दोष पाककृतीच्या माथी जातो. वास्तविक बटणावर लिहिलेले १८० अंश आणि आतले अंश यांचा मेळ बसतोच असे नाही.

थर्मोस्टॅटचे तत्त्व जुने आहे. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटविल्या आणि तापविल्या, तर एक जास्त लांब होते, दुसरी कमी. मग जोडी वाकते आणि वीज तोडते. गार झाली की सरळ होऊन पुन्हा वीज जोडते. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात आपल्या सागरी घड्याळासाठी अशी जोडपट्टी वापरली होती. आपल्या ओव्हनमध्ये अधूनमधून होणारे "टक्" हे त्याच पट्टीचे बोलणे होय. म्हणजे दिवा मध्येच गेला, दांडे काळे पडले, की ओव्हन बिघडला असे समजू नये. तो आपले काम करीत आहे.

मेळ पाहण्यासाठी आत ठेवावयाचा ओव्हन-थर्मामीटर मिळतो. तो मधल्या जाळीवर ठेवून बटण १८० वर करावे, तीन-चार वेळा "टक्टक्" होऊ द्यावी आणि वर-खाली जाणाऱ्या आकड्यांची सरासरी घ्यावी. सरासरी १६० निघाली तर ओव्हन २० अंशांनी मागे आहे. यावरची दुरुस्ती एका चिठ्ठीत होते: "१८० हवे तर २०० वर लावा", असे लिहून ती जवळच्या भिंतीवर चिकटवावी. घड्याळ दहा मिनिटे मागे असले तर आपण ते फेकून देत नाही. फरक ४०-५० अंशांचा असेल, किंवा "टक्" कधी होतच नसेल, तर मात्र थर्मोस्टॅट बदलवून घ्यावा.

थर्मामीटर नसेल तर साखर आहे! दाणेदार साखर सुमारे १८६ अंशांच्या आसपास वितळते. चमचाभर साखर लहानशा वाटीत घालून १७५ वर पंधरा मिनिटे ठेवावी. ती कोरडीच राहिली पाहिजे. मग १९० वर पंधरा मिनिटे ठेवावी. ती वितळू लागली पाहिजे. कसोटी ढोबळ आहे, पण नानकटाईला पुरते.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवावी. दांड्याची उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी दिव्यांच्या माळा, गीझर आणि शेगड्या एकदम चालू होऊन व्होल्टेज २३० चे २०० वर उतरले, तर १,५०० वॅटचा ओव्हन जेमतेम सव्वाअकराशे वॅटचे काम करतो, म्हणजे पाऊणच. सकाळी वीस मिनिटांत झालेली ताटली संध्याकाळी रेंगाळली तर दोष ओव्हनला देऊ नये. तो आधी जास्त वेळ तापू द्यावा, किंवा भाजण्याचे काम दुपारीच उरकावे.

दार, काच आणि साफसफाई

दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून, दार लावून ती ओढून पाहावी. एका कोपऱ्यात सहज निघाली आणि दुसऱ्यात अडकली तर दार तिरके झाले आहे. बिजागरीचे स्क्रू आवळल्याने किंवा सैल झालेली स्प्रिंग बदलल्याने ते बहुधा सरळ होते. मोठ्या ओव्हनला दाराभोवती पट्टी असते. ती कडक झाली, चिरली तर त्याच जातीची नवी आणून बसवावी.

काचेला तडा गेला असेल तर चिकटपट्टीचा उपाय करू नये. ओव्हन बंद ठेवावा. आणि गरम काचेवर ओला फडका तर कधीच फिरवू नये.

साफसफाईला खाण्याचा सोडा आणि थोडे पाणी यांचा लगदा उत्तम. तो रात्रभर लावून ठेवावा आणि सकाळी पुसून काढावा. दांड्यांना मात्र लावू नये. तळाशी चांदीचा कागद अंथरण्याची पद्धत पडली आहे, ती बरी नव्हे; खालची उष्णता अडते, दांड्याला कागद चिकटतो आणि तेथेच तो जळतो.

झिणझिण्या

ओव्हनच्या पत्र्याला हात लागला आणि झिणझिणी आली, तर त्या क्षणी प्लग काढावा. "थोडेसेच येते, चपला घालून काम करा," असे म्हणून चालणार नाही. झिणझिणी ही सूचना आहे. दुसऱ्या खेपेस ती सूचना असेलच असे नाही.

अशा वेळी दोन दोष बहुधा एकत्र असतात. आत कोठेतरी वीज पत्र्याला लागली आहे आणि तिला जमिनीत वाहून नेणारी अर्थ तुटली आहे. ओव्हनची अर्थ घरी तपासता येते. प्लगची मोठी पिन आणि ओव्हनचा एखादा बिनरंगाचा स्क्रू यांना मल्टिमीटर लावावा. आकडा शून्याच्या जवळ, एका ओहमच्या आत, आला पाहिजे. भिंतीतली अर्थ मात्र परवानाधारक वायरमनकडूनच तपासून घ्यावी.

पावसाळ्यात बंद पडून राहिलेला ओव्हन दसऱ्या-दिवाळीला प्रथमच लावला की पुष्कळ घरांत आरसीसीबी खटकन पडते. तेव्हा त्या दांड्यातल्या पांढऱ्या पुडीची आठवण करावी. मुंबईच्या, कोकणच्या दमट हवेत तिने पाणी शोषलेले असते आणि वीज थोडीथोडी पाझरू लागते. ओव्हन दिवसभर दार उघडून उन्हात ठेवून पाहावा. तरीही आरसीसीबी पडत असेल तर कारागिराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने दांडे तपासून घ्यावे.

आरसीसीबी आणि एमसीबी यांत पुष्कळजण गल्लत करतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाच्या जिवाशी तिचा संबंध नाही. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते ती आरसीसीबी. तिच्यावर 'टी' अक्षराचे एक लहान बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. दाबल्यावर ती पडली नाही, तर ओव्हनआधी तिची दुरुस्ती करावी. घरात ती नसेलच, तर दिवाळीच्या खरेदीत तिचे नाव पहिले लिहावे.

"थेट जोडून देतो" म्हणणारा

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओव्हन दुरुस्तीला गेला की कधीकधी उत्तर मिळते, "टायमर गेलाय, मिळत नाही. थेट जोडून देतो, चालेल." आणि ओव्हन खरोखरच चालतो! स्वस्तात काम झाले म्हणून आपण खूश होतो.

पण काय झाले, याचा विचार करा. टायमर थेट जोडला म्हणजे वेळ संपल्यावर ओव्हन बंद होणार नाही. थर्मोस्टॅट थेट जोडला म्हणजे तो तापतच राहणार. जास्त तापल्यावर वितळून वीज तोडणारा लहानसा थर्मल फ्यूज काही ओव्हनांत असतो. त्याच्या जागी तार घातली म्हणजे घराचा शेवटचा पहारेकरीच काढून टाकला. शेजारीण फराळाचे ताट घेऊन दारात येते, बोलता बोलता अर्धा तास जातो. आणि आतला केक कोळसा होऊन पेटतो, ओव्हनवर ठेवलेले प्लॅस्टिकचे डबे वितळतात. अर्थपिन कापून प्लग लहान भोकात बसविणे, वारंवार पडते म्हणून आरसीसीबी वगळणे, हेही याच जातीचे उद्योग. ही दुरुस्ती नव्हे. ही उधारी आहे, आणि तिची वसुली कधी होईल ते सांगता येत नाही.

म्हणून ओव्हन परत आला की एकच परीक्षा घ्यावी. रिकामा ओव्हन १०० अंशांवर, दहा मिनिटांसाठी लावावा आणि समोर बसावे. "टक्" करून दांडे विझले पाहिजेत आणि दहा मिनिटांनी "ठण्" होऊन सारे बंद झाले पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट झाली नाही तर पैसे देण्यापूर्वी कारण विचारावे. सुटा भाग मिळत नसेल तर ओव्हन निवृत्त करावा. पहारेकरी काढून तो चालवू नये.

मायक्रोवेव्हला दुरून नमस्कार

आतापर्यंतचे सारे ओटीजीसाठी. मायक्रोवेव्ह हे निराळे प्रकरण आहे. अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी रडारच्या मॅग्नेट्रॉनचा उपयोग अन्न शिजविण्याकडे वळविला तो १९४५ च्या सुमारास. तोच मॅग्नेट्रॉन आज आपल्या घरात आहे. त्याला चालवावयास आतला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे दोन हजारांच्या आसपास करतो आणि एक कपॅसिटर ती वीज साठवून ठेवतो. प्लग काढल्यावरही ती साठवण शिल्लक असू शकते. तेव्हा मायक्रोवेव्हचा बाहेरचा पत्रा घरी उघडावयाचा नाही, हा नियम. शिकलेल्या, हुशार माणसांनाही हाच नियम!

बाहेरून करण्याजोगे मात्र थोडे आहे. आतल्या उजव्या भिंतीवर बहुधा पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा तुकडा असतो. त्यावर तेल उडून तो करपला की ठिणग्या दिसू लागतात. प्लग काढून तो तुकडा आतल्या बाजूनेच सोडवावा, त्याच मापाचा अभ्रकाचा नवा तुकडा कापून बसवावा. फिरत्या थाळीखालचे चक्र आणि दाराची कड स्वच्छ ठेवावी. दार नीट लागत नसेल, खटके सैल झाले असतील, तर ओव्हन वापरू नये, कारागीर बोलवावा.

जमाखर्च

ओव्हन नवा घ्यावा की दुरुस्त करावा? प्लग, वायर, दांडा, बिजागरी यांसाठी ओव्हन टाकणे म्हणजे छत्रीची काडी मोडली म्हणून छत्री फेकणे. आतला पत्रा गंजून भोके पडली, काच फुटली आणि सुटे भाग मिळेनासे झाले, तर मात्र मोह सोडावा. टाकतानाही तो कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवू नये, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. २०२२ साली केंद्र सरकारने ग्राहकांसाठी "दुरुस्तीचा हक्क" म्हणून एक संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला द्यावी, हा त्यामागचा विचार. खरेदीच्या वेळीच दुकानदारास विचारावे, "याचा दांडा आणि टायमर सुटा मिळतो का?" विचारणारे वाढले की ठेवणारेही वाढतील.

घरातल्या मुलामुलींना या कामात जवळ बसवावे. मल्टिमीटर त्यांच्या हाती द्यावा, ५२,९०० ला वॅटने भागावयास सांगावे आणि मीटरवर तोच आकडा उमटलेला दाखवावा. शाळेत रुक्ष वाटलेला ओहमचा नियम घरच्या ओव्हनमध्ये जिवंत झालेला पाहून त्यांचे डोळे कसे चमकतात, ते पाहण्याजोगे असते. अर्थपिन का लांब असते, हे कळलेला मुलगा मोठेपणी ती कापू देणार नाही.

आणि एक सूचना पुढच्या वर्षासाठी. खंडेनवमी-दसऱ्याला आपण हत्यारांची, वाहनांची, यंत्रांची पूजा करतो. झेंडूचे फूल वाहून हळदकुंकू लावतो. त्याच दिवशी ओव्हनचा प्लग तपासावा, अर्थ पाहावी, दारात कागद धरून बघावा, चमचाभर साखर आत ठेवावी आणि आरसीसीबीचे बटण दाबावे. तासाभराचे काम. दिवाळीला तेव्हा वीस-एक दिवस अवकाश असतो. काही निघालेच, तर दुरुस्तीवाल्यालाही तेव्हा सवड असते.